पानांनी पाणी पिणारे पीक : सिद्धगडाचा परिसर आणि अननस

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून उभा असलेला सिद्धगड इतिहासाच्या वाचकांना २ जानेवारी १९४३ रोजी तेथे हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यामुळे परिचित आहे, तर गिर्यारोहकांना तो त्याच्या प्रशस्त माचीमुळे आणि अवघड चढणीमुळे ठाऊक आहे. शेतीच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर गडाखालचा मुरबाड-शहापूरचा पट्टा एका ठळक विसंगतीमुळे लक्ष वेधून घेतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे पाऊस अक्षरशः कोसळतो आणि त्याच पावसावर भरणारी तानसा, वैतरणा व भातसा ही शहापूर परिसरातील धरणे मुंबईची तहान भागवतात. तरीही होळीनंतर याच शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी अतोनात येते, उतारावरून वाहून जाते आणि मग आठ महिने जवळजवळ येतच नाही, अशी ही स्थिती असल्याने भाताचे एक पीक निघाल्यावर वरकस जमीन, म्हणजे नाचणी-वरीसारखी हलकी पिके देणारी उताराची जमीन, बहुतेक ठिकाणी पडूनच राहते.

अशा टोकाच्या हवामानात तग धरण्याची कला ज्या वनस्पतींनी विशेष साधली आहे, त्यांत ब्रोमेलिएसी कुलाचा क्रम बराच वरचा लागतो. मराठी ग्रंथांत हे कुल ‘अननस कुल’ या नावाने ओळखले जाते, कारण या कुलातील घरोघरी माहीत असलेली वनस्पती अननस हीच आहे. या कुलात साडेतीन हजारांच्या आसपास जाती असून पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात उगवणारी पिटकेर्निया फेलिसियाना ही एक जात वगळता बाकी सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. त्यामुळे सिद्धगडाच्या जंगलात या कुलाची एकही वनस्पती आपोआप उगवलेली सापडणार नाही. परंतु अमेरिकेतील उष्ण अरण्यांत या कुलाने जी जागा व्यापली आहे, ती सह्याद्रीत कोणी व्यापली आहे हे पाहिले, तर अननस समजून घेणे बरेच सोपे होते.

झाडावरचे जगणे

सिद्धगड ज्या भीमाशंकर अभयारण्यात येतो, ते १९८५ साली घोषित झाले आणि पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेल्या या जंगलात आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन अशा वृक्षांच्या फांद्यांवर पावसाळ्यात नेचे, शेवाळे आणि आमरी वाढलेली दिसते. आमरी म्हणजे ऑर्किड. डेंड्रोबियम आणि एरिडिस या प्रजातींतील आमरी उत्तर सह्याद्रीत चांगल्या परिचयाच्या आहेत. दुसऱ्या झाडावर राहूनही त्याच्याकडून अन्न न घेणाऱ्या अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळासारखे अवयव घुसवून त्याचे पाणी व क्षार शोषून घेते. अपिवनस्पतीला मात्र केवळ उंचीवरची जागा आणि उजेड हवा असतो. जागेच्या बदल्यात तिला मातीचा आधार सोडावा लागतो, आणि माती नाही म्हणजे पाण्याचा साठाही नाही. आमरीने ही अडचण दोन प्रकारे सोडवली आहे: तिच्या लोंबत्या मुळांभोवती पाणी टिपून घेणारे स्पंजासारखे आवरण असते आणि अनेक जातींची खोडे किंवा पाने मांसल होऊन पाणी साठवतात.

अननस कुलातील वनस्पतींनी हेच काम प्रामुख्याने पानांकडे सोपवले. या कुलातील अनेक जातींची पाने एका केंद्राभोवती गुच्छाने वाढतात, त्यांचे तळ एकमेकांत घट्ट बसून मध्यभागी पेला तयार होतो आणि त्यात पावसाचे पाणी, गळलेला पाला व धूळ साचत राहते. पानांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवल्यांसारखे पर्णकेश असतात आणि ते पाण्याबरोबर त्यात विरघळलेले क्षारही शोषून घेतात. काही जातींत मुळांचे काम झाडाला घट्ट धरून ठेवण्यापुरतेच उरले आहे. अमेरिकेत झाडांवरून दाढीसारखी लोंबणारी टिलँडसिया उस्निऑइडिस ही जात तर वाढल्यावर मुळांशिवायच जगते. पेल्यातील पाण्यात बेडूक आणि कीटक वाढतात व त्यांच्या विष्ठेतून वनस्पतीला नत्र मिळते.

अननस जमिनीत वाढतो, त्याला मातीतली मुळे असतात, तरीही कुलाची ही सारी लक्षणे त्याने जपली आहेत. त्याची लांब, पन्हाळीसारखी पाने पडलेला प्रत्येक थेंब आणि दव बुंध्याकडे वाहून नेतात. पानांच्या बेचक्यांत फुटलेली आगंतुक मुळे तेथे साचलेले पाणी व अन्नद्रव्ये घेतात. आणि पानांच्या खालच्या बाजूची पांढुरकी झाक ही त्याच खवलेदार पर्णकेशांची असते.

रात्रीचा श्वास

अननसाच्या काटकपणाचे दुसरे रहस्य त्याच्या दिनक्रमात आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेतात आणि त्याच वेळी उघड्या छिद्रांतून मोठ्या प्रमाणावर पाण्याची वाफ गमावतात. अननसाची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड आणि दमट असताना उघडतात. त्या वेळी घेतलेला वायू पेशींमध्ये मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी छिद्रे मिटलेली असताना, सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर, त्या आम्लातून मोकळ्या झालेल्या वायूपासून साखर तयार केली जाते. या प्रक्रियेला क्रॅस्युलेसियन आम्ल चयापचय असे म्हणतात. या प्रक्रियेचा सर्वांत जुना सुगावा ज्या निरीक्षणांतून लागला, त्यांपैकी एक भारतातलेच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन याने पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत त्याची आंबट चव नाहीशी होते, हे चाखून नोंदवले. त्याचे हे टिपण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते, हा त्या चवीतील फरकाचा अर्थ पुढे उलगडला.

या चयापचयाचा परिणाम असा, की तेवढीच वाढ साधण्यासाठी अननसाला भातासारख्या पिकाच्या मानाने कित्येक पटींनी कमी पाणी पुरते. या काटकसरीची किंमतही त्याला मोजावी लागते: रात्रीत जेवढे आम्ल साठेल तेवढीच दुसऱ्या दिवसाची शिदोरी असल्याने त्याची वाढ सावकाश होते आणि लावणीपासून फळापर्यंत दीड ते दोन वर्षे जातात. शिवाय कमी पाणी लागणे आणि जास्त पाणी सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अननसाची जमिनीतील मुळे उथळ आणि नाजूक असतात. पाणी तुंबले, की फायटॉफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे मुळे आणि पानांच्या गुच्छाचा गाभा कुजू लागतो. म्हणून मुरबाड-शहापुरात अननस लावताना चिंता करायची ती प्रामुख्याने जुलैच्या पाण्याची. एप्रिलच्या टंचाईचा क्रम त्यानंतर लागतो.

ब्राझीलहून गोव्याकडे

अननसाचे शास्त्रीय नाव अननस कोमोसस असून त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे आणि तेथील तुपी लोकांच्या भाषेतील नावच पोर्तुगिजांमार्फत मराठीत रुळले. कोलंबसाच्या तांड्याला हे फळ १४९३ साली ग्वादेलूप बेटावर प्रथम दिसले. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून ते सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. १५८०च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या सेवेत असलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने आपल्या प्रवासवर्णनात अननसाचे सविस्तर वर्णन केले आहे, तर बादशाह जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते, असे नमूद केले आहे. म्हणजे परदेशातून आलेले हे फळ साठ-सत्तर वर्षांत मुघल दरबारापर्यंत पोचले होते.

आज ईशान्येकडील राज्ये, पश्चिम बंगाल, केरळ आणि कर्नाटक येथे अननसाची मोठी लागवड होते. केरळातील वाळकुळमच्या अननसाला २००९ साली आणि त्रिपुरातील क्वीन अननसाला २०१५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात हे पीक मुख्यतः दक्षिण कोकणात आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबराच्या कोवळ्या झाडांमध्ये आंतरपीक म्हणून अननस लावला. मुरबाड-शहापूरच्या मुख्य पिकांत अननस नाही, परंतु दक्षिण कोकणासारखीच जोरदार पावसाची आणि निचऱ्याच्या उताराची जमीन येथे आहे आणि कल्याण व वाशीच्या बाजारपेठाही जवळ आहेत.

जागा, रोपे आणि लावणी

अननसाला साधारण १५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि आम्लधर्मी, सामू ५.५ ते ६ च्या आसपास असलेली, हलकी व निचऱ्याची माती मानवते. भाताची खाचरे पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेली असल्याने ती या पिकाला सर्वथा वर्ज्य आहेत. वरकस उतार, बांधाच्या वरची मुरमाड जमीन किंवा आंबा-काजूच्या झाडांमधील विरळ सावलीची मोकळी पट्टी ही योग्य जागा होय. विरळ सावली अननसाला चालते, एवढेच नव्हे तर येथील चैत्र-वैशाखातील उन्हात ती उपयोगी पडते. गर्द सावलीत मात्र फळ उशिरा आणि लहान येते.

अननसाची लावणी बियांपासून होत नाही. लागवडीतील अननसाची फुले स्वतःच्या किंवा त्याच वाणाच्या परागाने फळत नाहीत, म्हणून एकाच वाणाच्या बागेतील फळे बिनबियांची राहतात. नवी झाडे तीन प्रकारच्या रोपांपासून मिळतात: बुंध्यापाशी येणारे फुटवे, फळाच्या देठावर येणारी लहान पिले आणि फळाच्या माथ्यावरचा तुरा. फुटव्यांपासून सुमारे दीड वर्षात फळ मिळते, तुऱ्याला दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. वाणांपैकी क्यू हा मोठ्या फळाचा, रसाळ आणि जवळजवळ बिनकाट्याच्या पानांचा असून डबाबंद उद्योगात त्याला पसंती असते. क्वीन आणि मॉरिशस यांची फळे लहान, पाने काटेरी, परंतु गर अधिक सुवासिक व गोड असतो. ताजी फळे जवळच्या शहरात विकायची असतील, तर मॉरिशस सोयीचा ठरतो.

फुटवे शक्य तितके एकाच आकाराचे, अर्धा ते एक किलो वजनाचे निवडावेत, म्हणजे सर्व झाडे एकाच सुमारास फळावर येतात. खालची सुकलेली पाने काढून फुटवे आठवडाभर सावलीत ठेवल्यास कापलेली जागा सुकून बरी होते. ओली जखम तशीच जमिनीत गेली, तर कुज तेथूनच सुरू होते. लावणी मुसळधार पावसाच्या महिन्यांत करू नये. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, जमिनीत ओल असताना केलेली लावणी या पट्ट्यात अधिक सुरक्षित होय. नेहमीची पद्धत जोडओळींची आहे: जोडीतील दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन जोड्यांमध्ये ९० सेंटिमीटर आणि एका ओळीतील दोन रोपांत २५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे ५३,३०० झाडे बसतात. ओळी उताराला आडव्या घ्याव्यात, म्हणजे पानांचे गुच्छ वाहत्या पाण्याचा वेग मोडतात आणि मातीची धूप कमी होते. प्रत्येक जोडीच्या वरच्या अंगाला पाणी बाजूला काढणारा चर असावा. रोप लावताना गुच्छाच्या गाभ्यात माती जाऊ देऊ नये, कारण वाढीचा कोंब तेथेच असतो.

खत, पाणी आणि फुलोरा

पानांच्या बेचक्यांतील मुळांचे महत्त्व खत देताना कळते. दाणेदार खत गुच्छाच्या गाभ्यात पडल्यास कोंब जळतो. ते झाडाच्या बुंध्याशी किंवा अगदी खालच्या, जून पानांच्या बेचक्यांत दिल्यास तेथील मुळे ते थेट घेतात, आणि विरळ द्रावणाची पानांवर केलेली फवारणीही लागू पडते. केरळात दर झाडामागे वर्षाला ८ ग्रॅम नत्र, ४ ग्रॅम स्फुरद आणि ८ ग्रॅम पालाश अशी मात्रा दिली जाते. पालाश पुरेसे नसल्यास फळाची गोडी आणि वजन घटते. मुळे उथळ असल्याने झाड फळाच्या भाराने कलते, म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर मातीची भर द्यावी लागते. कोरड्या महिन्यांत साधारण तीन आठवड्यांनी एक पाणी दिले तरी फळाच्या आकारात फरक पडतो आणि पाल्यापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास तेवढेही पाणी पुरवून वापरता येते.

अननस फुलावर येण्यासाठी हिवाळ्यातील लहान दिवस आणि थंड रात्री कारणीभूत ठरतात, त्यामुळे भारतात मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट असा येतो. फळाचा पाऊस चुकवायचा किंवा सगळी बाग एकदम काढणीला आणायची असेल, तर फुलोरा कृत्रिमरीत्या आणता येतो. अझोर्स बेटांवरील काचगृहांत एकोणिसाव्या शतकात असे आढळले होते, की धूर कोंडला की अननस लवकर फुलतो. धुरातील एथिलीन वायू हे त्यामागचे कारण पुढे १९३०च्या दशकात स्पष्ट झाले. आज त्यासाठी झाडाला ३५ ते ४० पाने आल्यावर इथेफॉन या एथिलीन सोडणाऱ्या रसायनाचे अत्यंत विरळ द्रावण, त्यात २ टक्के युरिया आणि ०.०४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट मिसळून, दर झाडाच्या गाभ्यात ५० मिलिलिटर ओततात. घरच्या कुंडीतील झाडाजवळ एक-दोन पिकलेली सफरचंदे ठेवून त्यावर काही दिवस पिशवी बांधली, तर फळांतून निघणारे एथिलीन हेच काम करते.

देठावर शंभर ते दोनशे लहान जांभळट फुले खालून वर क्रमाने उमलतात आणि त्या साऱ्यांचे मांसल भाग एकत्र जुळून एकच संयुक्त फळ बनते. सालीवरचा प्रत्येक डोळा हा एकेका फुलाचा अवशेष असतो. उन्हाळ्यात फळाची एक बाजू भाजू नये म्हणून त्यावर गवत किंवा झाडाचीच पाने बांधतात. अननसात पिष्टाचा साठा नसल्याने तोडल्यानंतर तो मऊ व पिवळा झाला तरी अधिक गोड होत नाही. म्हणून तळाकडचे डोळे पिवळे पडू लागल्यावरच काढणी करावी. एका झाडाला एकदाच फळ येते, त्यानंतर ते संपते, पण बुंध्याचे एक-दोन फुटवे राखल्यास त्यांवर खोडव्याची दोन-तीन पिके घेता येतात.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण सर्वांत त्रासदायक ठरतो. तो मुळांशी आणि पानांच्या तळाशी रस शोषतो आणि विषाणूंचा वाहक ठरून झाड मरगळवतो. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात आणि झाडाझाडांवर पसरवतात, त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त हाच पिठ्या ढेकणावरचा निम्मा उपाय असतो. जंगलाच्या कडेच्या गावांत रानडुकरे आणि माकडे यांचाही हिशेब धरावा लागतो, म्हणून पहिली लावणी घरालगत राखता येईल एवढ्याच जागेत करणे शहाणपणाचे होय.

कुंडी, डास आणि स्वयंपाकघर

शेत नसलेल्यांनाही अननस लावता येतो. पिकलेल्या फळाचा तुरा पिळून काढावा, त्याला चिकटलेला गर व खालची काही पाने काढून तो चार-पाच दिवस सावलीत सुकवावा आणि तळाला भरपूर छिद्रे असलेल्या मोठ्या कुंडीत तांबडी माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात लावावा. त्याला सहा-सात तास ऊन आणि आठवड्यातून एखादे पाणी पुरते. पावसाळ्यात एक दक्षता आवश्यक आहे: अननसाच्या व शोभेच्या ब्रोमेलियाडांच्या पानांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंडी घालू शकतात, म्हणून घराजवळच्या झाडांतील पाणी आठवड्यातून एकदा जोराच्या धारेने काढून टाकावे.

अननसात ब्रोमेलेन नावाचे, प्रथिनांचे विघटन करणारे विकर असते आणि त्यामुळेच कच्चा अननस दुधात किंवा खिरीत घातल्यास काही वेळाने ती कडवट लागते. उष्णतेने हे विकर निष्क्रिय होते, म्हणून शिऱ्यात शिजवलेला अननस दुधालाही बाधत नाही. गोव्यातील सासवात, म्हणजे मोहरी, खोबरे आणि गूळ यांच्या वाटणात, अननस ताजाच चालतो, कारण तेथे दुधाचा प्रश्नच नसतो.

सिद्धगडाच्या संदर्भात या वनस्पतीचा विचार करताना शेवटी एक सीमारेषा स्पष्ट ठेवावी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यातील वनस्पती परवानगीशिवाय काढून नेण्यास मनाई आहे, आणि फांदीवरून ओरबाडलेली आमरी शहराच्या गच्चीत क्वचितच जगते. फांदीवरच्या जगण्याची ती रचना घरी पाहायची असेल, तर तीच तत्त्वे पाळणारा अननस कुंडीत सहज वाढतो. गडाखालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे: बिनबियांचा असल्याने तो रानात आपोआप पसरत नाही, वरकस उतारावर मातीला आधार देतो आणि टँकरच्या महिन्यांतही तीन आठवड्यांच्या एका पाण्यावर टिकतो. भाताची जागा तो घेणार नाही आणि घेऊही नये. भात कापल्यावर रिकाम्या पडणाऱ्या उतारावर, घराजवळच्या शंभर-दोनशे फुटव्यांनी सुरुवात करून, पहिल्या पावसाळ्यात किती झाडांचा गाभा शाबूत राहतो हे पाहूनच पुढची लावणी वाढवणे, हा या पिकाच्या स्वभावाला धरून असलेला मार्ग होय.